माळ्यालाही वारा लागतो, बयो

बयो, पत्रेवाल्याच्या हातावर ॲडव्हान्स ठेवायच्या आधी माझं एवढं ऐकून घे. संगमेश्वरच्या घराची कौलं उतरवून पत्रे घालायचं ठरवलंत, ते बरोबरच आहे. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. वानरांचा उपद्रव मला ठाऊक आहे. एक टोळी पाख्यावरून उड्या मारत गेली की मागे फुटक्या कौलांचा खच. मग पावसाआधी घर शाकारायला माणूस शोधायचा. तो मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्या सवडीनं येतो. तुझ्या सासऱ्यांनी या वयात शिडी चढून कौलं परतायची का? अजिबात नाही. पत्रे घालाच.

पण पत्र्याखाली लगेच पीव्हीसीचं सिलिंग मारायचं आणि वरच्या सगळ्या फटी बुजवून टाकायच्या, असं जे त्या फॅब्रिकेटरनं सांगितलंय ना, तिथं मात्र थांब. वर पत्रा, खाली सिलिंग, आणि मधे जी जागा उरते तो आता तुमचा माळा. तिथं कोणी बसत नाही, झोपत नाही, म्हणून त्या जागेचा विचारच कोणी करत नाही. घरातल्या उकाड्याच्या, कुबट वासाच्या, वाळवीच्या कितीतरी तक्रारी तिथूनच सुरू होतात. त्या जागेतून वारा खेळता राहिला पाहिजे. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते नीट कारणांसकट सांगते, कारण तुला घरात चार जणांना पटवायचंय.

जुन्या घराला हा विचार वेगळा करावाच लागला नाही. मंगलोरी कौल रिपेवर नुसतं टेकवलेलं असतं. त्याला ना खिळा, ना सिमेंट. एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसते, त्यामुळे पाणी आत येत नाही, पण हवा त्या बारीक फटींतून सारखी ये-जा करते. १८६० च्या दशकात बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती आपल्या सगळ्या किनारपट्टीवर पसरली. त्याआधीचे नळे तर याहून मोकळे. शिवाय भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये वळचणीला मोकळी जागा असायची, दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत झरोके असायचे, आणि चुलीच्या वर धूर जायला टोपीचं कौल. घाटावर माळवदाच्या घरांना सवणं, म्हणजे छतातली भोकं, ठेवायचे, त्यांचं कामही तेच. आपल्याकडे चुलीचा धूर माळ्यातून फिरून कौलांतून बाहेर पडायचा. वासे काळेकुट्ट व्हायचे खरे, पण धुरानं आणि कोरडेपणानं त्यांना कीड कमी लागायची. म्हणून तर भाताच्या मुड्या, सुपारी, कोकमाची सोलं, पुढच्या वर्षाचं बियाणं, सगळं माळ्यावर जायचं. बियाण्यासाठी माणूस घरातली सगळ्यात खात्रीची कोरडी जागा निवडतो. तुझ्या सासूबाईंना विचार, त्या सांगतील.

आता बघ, कौलं गेली म्हणजे हजारो फटी गेल्या. चूल गेली म्हणजे धूर गेला. पत्रा अखंड, वळचणीला फोमची पट्टी, आढ्यावर रिजचा पत्रा सिलिकॉन लावून बंद, खाली पीव्हीसी. तुम्ही नुसतं छप्पर बदलत नाही आहात, घराचा श्वास घ्यायचा मार्गच बंद करताय. आणि तो मुद्दाम पुन्हा ठेवला नाही तर आपोआप तयार होणार नाही.

उकाड्याचं आधी सांगते, कारण ते सगळ्यांना लगेच पटतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याला हात टेकवत नाही इतका तो तापतो. त्याच्याखालची कोंडलेली हवा तापते, सिलिंगची वरची बाजू तापते, आणि मग खोलीत पंखा लावला की सिलिंगला लागून असलेली तीच गरम हवा तो अंगावर ढकलत राहतो. ऊन उतरल्यावर पत्रा लवकर निवतो, पण माळ्यातली कोंडलेली हवा, लाकूड, सिलिंग, तिथं ठेवलेलं सामान, हे काही लवकर निवत नाही. रात्री जेवणं होऊन अंथरुणं पडली तरी वरून धग येत राहते. माळ्याला वाट असेल तर संध्याकाळचा वारा सुटला की ही कोंडलेली उष्णता बाहेर पडते आणि रात्र बरीच सुसह्य होते. आणि हो, पीव्हीसीच्या पट्ट्या फार तापल्या की मऊ पडून मधोमध झोळ धरतात. दोनेक उन्हाळ्यांत सिलिंग लोंबायला लागलेली घरं तूही पाहिली असशील.

पण उन्हापेक्षा मला ओलीची काळजी जास्त वाटते. उकाडा निदान कळतो तरी. ओल वर कुणाच्या नजरेआड काम करत राहते.

थंडीत आभाळ निरभ्र असलं की पत्रा रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. सकाळी अंगणातल्या गाडीच्या टपावर दव दिसतं ते यामुळेच. तसंच ते पत्र्याच्या खालच्या अंगालाही धरतं, कारण घरातून वर आलेली वाफ तिथं अडकलेली असते. भाताचा कुकर, आंघोळीचं पाणी, ओट्यावर वाळत घातलेले कपडे, घरातल्या माणसांचे श्वास, जांभ्याच्या भिंतींतली ओल, हे सगळं वरच चढतं. जानेवारीतल्या पहाटे एखाद्या बंद माळ्यात डोकं घालून बॅटरी मारून बघ. पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ लागलेली असते. स्क्रूची जी टोकं आत डोकावतात, त्यांच्यावर सगळ्यात टपोरे थेंब, आणि त्या टोकांभोवती गंजाची तांबूस रेघ. एक थेंब उतारावरून घरंगळत पुढच्याला मिळतो, जड होतो आणि खालच्या रिपेवर सुटतो. रोज त्याच जागी. रीप तेवढ्यापुरती काळी पडते, तिथं नख लावलं तर लाकूड भुसभुशीत लागतं. खाली सिलिंगवर तपकिरी कडं उमटतं, आणि घरचे म्हणतात, छप्पर गळतंय. मग कुणीतरी वर चढून सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करतं. अगं, जानेवारीत पाऊस कुठला? ते पाणी घरातलंच असतं, आणि वर सिलिकॉन मारल्यानं हवेची उरलीसुरली वाटही बुजते.

लाकूड कधी कुजतं, तेही लक्षात ठेव. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली त्यातलं पाणी राहिलं तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथं जम बसवता येत नाही. त्याच्या वर ते सतत राहिलं की तिची सोय झाली, आणि ओलसर लाकडाच्या वासानं वाळवीही येते. तुम्ही आढं आणि वासे जुने सागाचेच ठेवताय, फार चांगलं करताय. सागाचा गाभा तग धरतो. पण मधे मधे बदललेल्या रिपा सागाच्या असतीलच असं नाही, आणि भिंतीत गेलेली वाशांची टोकं ही सगळ्यात नाजूक जागा. तिथं वारा पोचला नाही तर बाकीचा वासा ठणठणीत असूनही टोकाशी पोकळ होतो.

इथं तुझे सासरे तुला एक प्रश्न विचारतील, आणि तो बरोबर प्रश्न आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने बाहेरचीच हवा ओलीचिंब, मग ती आत घेऊन माळा कोरडा कसा राहणार? त्यांना सांग, भर आषाढात माळा खडखडीत कोरडा होईल असं कुणीच म्हणत नाही. पण ढगाळ दिवशीही छपरावर थोडी ऊब पडते, माळ्यातली हवा बाहेरच्यापेक्षा किंचित गरम होते, आणि गरम हवा ओल उचलून नेते, तिला बाहेर पडायला वाट असली तर. दुसरं, घरात तयार होणारी वाफ तिथंच साचून राहत नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, श्रावणात उघडीप पडली किंवा ऑक्टोबरचं ऊन तापलं की खेळत्या हवेचा माळा चार दिवसांत सुकतो. बंद माळ्यात आषाढातली ओल दिवाळीपर्यंत बसून असते. लाकूड भिजतं म्हणून कुजत नाही, ते सुकत नाही म्हणून कुजतं.

आता करायचं काय ते बघू. गरम हवा वर चढते, एवढंच तत्त्व आहे. तिला बाहेर जायला अगदी वर, आढ्याजवळ वाट हवी. आणि तिच्या जागी ताजी हवा यायला अगदी खाली, वळचणीला वाट हवी. दोन्ही हव्यात. लोक नेमकी एकच ठेवतात. एका तिकोनी भिंतीत एक खिडकी काढतात आणि माळ्याला हवा दिली म्हणतात. नुसती वर वाट ठेवली आणि खालून हवा आत येणार नसेल तर वरून जाणार तरी काय? आणि दोन्ही वाटांमध्ये उंचीचं अंतर जितकं जास्त, तितका ओढा चांगला. वारा पडलेला असेल त्या दिवशीसुद्धा हा ओढा चालू राहतो.

किती मोठी वाट हवी याचा हिशेब आहे. अमेरिकेत उतरत्या छपराची, बंद माळ्याची घरं सर्रास असतात. तिथल्या घरबांधणीच्या नियमावलीत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा मागितलेली आहे. वरची-खालची वाटणी नीट केली आणि इतर काही अटी पाळल्या तर तीनशेवा भागही चालतो. तिथली हवा वेगळी, घरं वेगळी, पण हिशेबाला धरायला हे माप चांगलं आहे. आपल्या दमट हवेत मी दीडशेवा भाग हाच कमीत कमी धरेन. तुमचा माळा समज ३० फूट बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. त्याचा दीडशेवा भाग ४ चौरस फूट. त्यातले २ खाली, २ वर. पण हे माप निव्वळ मोकळ्या जागेचं आहे बरं का. जाळीच्या तारा आणि झडपांच्या पट्ट्या जागा खातात, म्हणून भोक कापताना दुप्पट धर.

ऐकायला मोठं वाटतं, पण प्रत्यक्षात किरकोळ आहे. दोन्ही पाख्यांच्या वळचणी ३०-३० फुटांच्या. त्यांना सलग एक इंचाची फट ठेवलीस तर ५ चौरस फूट झाले. जाळीनं निम्मे खाल्ले तरी अडीच उरले. म्हणजे फॅब्रिकेटरनं पत्र्याच्या पन्हळीखाली फोमची पट्टी कोंबायच्या ऐवजी तिथं जाळी मारली की खालचं काम संपलं. त्याच्याकडून हेच करून घे. भिंतीचा माथा सिमेंटनं पत्र्यापर्यंत चढवून बंद करायचा मोह गवंड्याला होतो, तोही होऊ देऊ नकोस. सिलिंगवर पुढेमागे कापसासारखं काही उष्णतारोधक पसरलंत तर ते वळचणीपर्यंत दाबून भरू नका; तिथं दोन बोटं जागा मोकळीच राहू द्या.

वरची वाट जास्त काळजीनं करायची, कारण तिथं पावसाशी गाठ आहे. रिजचा पत्रा दोन्ही पाख्यांवर घट्ट बसवण्याऐवजी दोन-तीन इंच उचलून, मजबूत पट्ट्यांवर बसवायचा. त्याचे दोन्ही पंख चांगले रुंद घ्यायचे, फूटभर तरी, म्हणजे तिरका पाऊस आत पोचणार नाही. आणि खालच्या पत्र्यांची आढ्याकडची टोकं पक्कडीनं वर वळवून घ्यायची. ही वळवलेली टोकं फार मोलाची आहेत, कारण वाऱ्यानं पाणी उतारावरून उलटं वर ढकललं तरी ते त्या काठाशी अडतं. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण रिजचा पत्रा चढण्याआधीच होऊ शकतं, नंतर नाही. रिजच्या दोन्ही फटींना आतून जाळी.

फॅब्रिकेटर उचललेल्या रिजला काही केल्या तयार झाला नाही तर दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत, आढ्याच्या शक्य तितकं जवळ, झडपांच्या खिडक्या करा. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या. पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या अंगाची खिडकी लहान आणि तिच्यावर छपराचा झेला दोन फूट तरी पुढे काढलेला. उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची मनसोक्त मोठी. झेला आखूड ठेवून पत्रा वाचवणारे लोक मला समजत नाहीत. भिंत भिजते, वासे भिजतात, आणि वाचतं काय तर फूटभर पत्रा.

आणि वाऱ्याचंही ऐक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत किती घरांची छपरं उडाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वारा पत्रा उचलतो तो सगळ्यात जोरात कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याशी. म्हणजे नेमक्या ज्या जागी आपण फट ठेवतोय तिथेच. म्हणून त्या जागी स्क्रू जवळजवळ मारून घ्यायचे, मधल्या भागापेक्षा जास्त, आणि पट्ट्या वाशांना पक्क्या जखडलेल्या हव्यात. फट ठेवली म्हणजे बांधणी सैल ठेवली असं होता कामा नये. हे मी तुला फार मनापासून सांगतेय, कारण हवेच्या नावाखाली कोणी कच्चं काम करून गेलं तर ते न केलेलंच बरं.

जाळी पाव इंची, म्हणजे सहा मिलिमीटरच्या भोकांची, वेल्ड केलेल्या तारेची घ्यायची. उंदीर, वटवाघूळ, साप, कांडेचोर, कोणी आत येणार नाही. मच्छरजाळी माळ्याला लावायची नाही. तिची भोकं धुळीनं, कोळिष्टकांनी बुजतात, आणि मग ती जाळी असून नसल्यासारखी. घर खाडीजवळ असतं तर मी स्टेनलेसचाच आग्रह धरला असता; तुमच्याकडे गॅल्व्हनाइज्ड चालेल. सध्या माळ्यात वटवाघळं राहत असतील तर त्यांना आत कोंडून जाळी मारू नका. पिल्लं असली तर ती उडती होईपर्यंत थांबा, मग संध्याकाळी सगळी बाहेर पडली की बंद करा. घराभोवतीचे डास-किडे खाऊन ती आपलं बरंच भलं करत असतात.

स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे एक्झॉस्ट पंखे लावणार आहात ना? त्यांचा पाइप थेट घराबाहेर गेला पाहिजे, भिंतीतून, नाहीतर छपरातून. वायरमन आणि सिलिंगवाले दोघेही तो सिलिंगच्या वर नुसता सोडून देतात, कारण खालून दिसत नाही. म्हणजे वर्षभर आंघोळीची वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर तुम्ही पंखा लावून माळ्यात भरणार. माळ्याला इतकी वाट ठेवूनही हे एक केलंत तर सगळं पाण्यात जाईल. या एका गोष्टीवर कोणाचं ऐकू नकोस. पाइप बाहेर निघालेला डोळ्यांनी बघ, मगच सिलिंगची शेवटची पट्टी बसवू दे.

कुणीतरी तुम्हाला छपरावर ते गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा म्हणून सांगेल. कारखान्यांच्या शेडवर ते ठीक आहेत. घराला माझं मत नाही. खालून हवा येत नसेल तर त्यांचा काही उपयोग होत नाही. वारा पडला की ते जेमतेम फिरतात, आणि छपराला पाडलेलं प्रत्येक गोल भोक ही पुढे गळायची एक जागा. तुमच्या आढ्याला अख्खी ३० फुटांची लांबी मोकळी मिळतेय, ती सोडून भोकं कशाला पाडायची?

एक मात्र तुला स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर निराश होणार नाहीस. वाऱ्यानं माळ्यातली गरम हवा जाते, पण तापलेला पत्रा खालच्या सिलिंगवर सरळ उष्णता फेकतो ती वाऱ्यानं थांबत नाही. त्याला दोन उपाय. एक, पत्रा फिकट रंगाचा घे. सासऱ्यांना कौलासारखा तांबडा हवाय हे मला माहीत आहे, आणि लांबून घर घरासारखं दिसावं असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण गडद पत्रा कितीतरी जास्त ऊन पितो. त्यांना सांग, पुढच्या पडवीवर कौलंच ठेवू, दारातून येणाऱ्याला तीच दिसतील, मागे माजघरावर पांढरट पत्रा घालू. ही तडजोड त्यांना आवडेल असं मला वाटतं. दुसरा उपाय, पत्र्याखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा फॉइल. तो वाशांच्या खालच्या अंगानं ताणायचा, चकचकीत बाजू खाली, आणि त्याच्या खाली मोकळी हवा हवी. सिलिंगला चिकटवलेला फॉइल काही कामाचा नाही. वर चकाकी ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि गुण जातो. खालच्या बाजूला धूळ बसत नाही. फॉइल ताणतानाही आढ्याशी आणि वळचणीला फट राखायची, नाहीतर एवढं करून हवेची वाट पुन्हा आपणच अडवायची.

विजेच्या वायरी माळ्यातून जाणार असतील तर वायरमनला तसं सांग. घरात वापरतो त्या साध्या पीव्हीसीच्या वायरी ७० अंशांपर्यंतच्या असतात, आणि भोवती जितकं तापतं तितका त्यांनी कमी प्रवाह वाहून न्यायचा असतो. गीझर आणि एसीच्या वायरी शक्यतो भिंतीतून खालून न्या. जी वायर वरून जाईल ती पाइपमधून, पत्र्यापासून लांब, आणि एक माप जाड.

सिलिंगमध्ये एक दार ठेव, माणूस खांद्यांसकट वर जाईल एवढं. दोन फूट बाय दोन फूट. पडवीच्या कोपऱ्यात ठेव, म्हणजे शोभेचा प्रश्न येणार नाही. दार नसेल तर माळ्यात काय चाललंय ते वाळवीची माती सिलिंगमधून खाली पडेपर्यंत कळत नाही. आणि जमलं तर, माझी मनापासूनची इच्छा सांगते, माजघरावरची जुनी तक्तपोशी काढू नका. तिच्या फळ्या सागाच्या आहेत, त्या ओल घेतात आणि सोडतात. पीव्हीसी फक्त पुढच्या नव्या खोलीला मारा. जुनी फळी एकदा जळणात गेली की तशी पुन्हा मिळत नाही.

काम झाल्यावर एक पारख करून घे. चांगलं ऊन असलेल्या दिवशी दुपारी माळ्यावर चढ, सोबत कोणाला तरी घे. आधी वर पेंढा, कागद, काही नाही ना ते बघ. मग एक उदबत्ती लाव. वळचणीच्या फटीपाशी धरलीस तर धूर आतल्या बाजूला झुकला पाहिजे, आढ्यापाशी धरलीस तर वर ओढला जाऊन बाहेर पडला पाहिजे. वळचणीला धूर सरळ उभा राहिला तर जाळीमागे कुठेतरी सिमेंट किंवा फोम राहून गेलाय, तो हुडकून काढायचा. पहिल्या थंडीत एकदा पहाटे पुन्हा बघ, पत्र्याला थेंब आहेत का. थोडासा दमटपणा दिसला तर चिंता नको, नऊ वाजेपर्यंत सुकतो की नाही ते बघ. आणि दरवर्षी गणपतीआधी घर झाडतो तेव्हा जाळ्याही झाडून काढायच्या, एवढा एक नेम ठेव.

या सगळ्याला पैसे फार लागत नाहीत. जाळी, जरा रुंद रिज, फॉइल, बस्स. फट ठेवायला तर काहीच लागत नाही. लागतं ते आधी सांगणं. सिलिंग बसल्यावर हेच करायचं म्हटलं की मजुरी दुप्पट आणि कटकट चौपट.

तो फॅब्रिकेटर तुझ्याशी न बोलता तुझ्या नवऱ्याकडे बघून बोलेल, हे मी आधीच सांगून ठेवते. "मॅडम, सगळीकडे असंच करतात" असंही म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नकोस. कोटेशनवरच लिहून घे: वळचणीला फोम नाही, पाव इंची जाळी, रिज उचललेला, पंख फूटभर, पत्र्याची टोकं वळवलेली, एक्झॉस्ट बाहेर, सिलिंगला दार. लिहिलेलं झालं की मगच पुढचा हप्ता. रिजचा पत्रा चढेल त्या दिवशी रजा काढून तिथं हजर राहा, किंवा नवऱ्याला पाठव आणि त्याला हे वाचायला लाव. काम मार्चअखेर उरकायचा प्रयत्न करा. मे महिन्यात सगळ्या कोकणाची छपरं एकदम निघतात, माणसं चार घरं एकाच वेळी धरतात आणि तुमचं घाईघाईत गुंडाळतात.

आणि कौलं उतरायच्या आधी सासूबाईंना घेऊन एकदा घरभर फीर. पावसात कुठल्या कोपऱ्यात पापड मऊ पडायचे, कुठल्या वाशाखाली कपाटाला बुरशी यायची, कुठं ठेवलेला भात कधीच खराब झाला नाही, हे त्या तुला बोटानं दाखवतील. त्या ओल्या कोपऱ्यांवर खडूनं खूण कर आणि पत्रा चढायच्या आधी तिथल्या वाशांची टोकं सुताराकडून ठोकून बघून घे. पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा आत्ताच बदलायचा.